कळशीला पोचा पडला म्हणून विहीर आटत नाही

कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय एका बचत गटाच्या बैठकीत निघाला. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एका मावशींनी कर्ज मागितलं. पाच हजार रुपये. कशासाठी, तर शांतीसाठी. त्यांच्या देवघरातली विठ्ठल-रखुमाईची मूर्ती पुसताना सुनेच्या हातून निसटली आणि रखुमाईचा हात कोपरापासून तुटला. मावशींच्या मालकांनी ती जोडी पंढरपूरहून आणली होती. आज मालक नाहीत, म्हणून त्या मूर्तीवर जीव जास्त. त्यात आठवडाभराने दावणीची शेळी मेली. कुणीतरी सांगितलं, हा देवाचा कोप आहे, शांती करा, नाहीतर घरातल्या माणसावर बेतेल. आणि मूर्ती पडली तेव्हा सुनेची पाळी होती हेही घरात कळलं. तेव्हापासून त्या पोरीशी घरात कुणी धड बोलत नव्हतं.

गटात दोन तट पडले. कुणी म्हणालं, देवाधर्माचं काम आहे, नाही म्हणू नये. कुणी म्हणालं, शेळी आजाराने गेली, तिला लस टोचली नव्हती. बोलणं वाढत चाललं, तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक जण हळूच म्हणाली, "पण बाई, मूर्ती फुटली म्हणजे देव फुटतो का गं?"

सगळ्या गप्प झाल्या. आज याच प्रश्नावर बोलू या.

रूप कशासाठी?

आपल्याकडे देवाबद्दल दोन शब्द फार जुने आहेत, सगुण आणि निर्गुण. सगुण म्हणजे ज्याला रूप आहे, नाव आहे, ज्याला हार घालता येतो, नैवेद्य दाखवता येतो. निर्गुण म्हणजे ज्याला रंग नाही, आकार नाही, जो सगळीकडे भरून आहे. मग यातला खरा कोणता?

गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुनाने श्रीकृष्णाला हेच विचारलं आहे. कुणी तुझ्या रूपाची भक्ती करतं, कुणी न दिसणाऱ्या तत्त्वाची. यांत श्रेष्ठ कोण? श्रीकृष्ण सांगतात की दोघंही माझ्यापर्यंतच पोचतात, पण देह असलेल्या माणसाला बिनरूपाची वाट फार कष्टाची पडते. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली ही गीता मराठीत सांगितली, म्हणून संस्कृत न येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानावर ती आली.

साध्या भाषेत सांगायचं तर विहिरीत पाणी भरपूर आहे, पण विहीर काही डोक्यावर घेऊन घरी आणता येत नाही. त्यासाठी कळशी लागते. कळशी म्हणजे पाणी नव्हे, पण कळशीवाचून पाणी घरात येत नाही. म्हणून आपण कळशी घासतो, पुसतो, जपतो. देवाचं रूप हे तसं आहे. ज्याला आकार नाही त्याच्यावर मन ठरत नाही, म्हणून मनाला धरायला रूप दिलं. आता मला सांगा, कळशीला पोचा पडला तर वाईट वाटतं, पण विहीर आटते का?

हे आपल्या हातांना ठाऊकच आहे

हे काही मोठं पोथीतलं ज्ञान नाही. आपण बाया दरवर्षी ते हाताने करतो.

पूजेला बसताना तांदळाच्या राशीवर सुपारी मांडतो आणि म्हणतो, हा गणपती. देवाला त्या सुपारीत बोलावतो, त्याला आवाहन म्हणतात. पूजा झाली की अक्षता वाहून त्याला निरोप देतो, ते विसर्जन. मग ती पुन्हा नुसती सुपारी होते. भाद्रपदातल्या मातीच्या गणपतीचंही तसंच. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती कुंभाराकडची मूर्ती, झाली की देव, आणि विसर्जनानंतर पुन्हा माती.

गौरींचं बघा. कुणाकडे मुखवट्यांच्या, कुणाकडे तेरड्याच्या रोपांच्या, तर कुणाकडे पाणवठ्यावरून वेचून आणलेल्या खड्यांच्या. खड्यांची गौर म्हणून ती कुठे कमी होते का? अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. माहेरवाशिणीसारखं तिचं सगळं करतो आणि पाठवणी करताना डोळ्यांत पाणी येतं. नवरात्रात शेतातली माती आणून धान्य पेरतो, घट बसवतो आणि उगवलेल्या कोंबांत देवी बघतो. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला तांदळा असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, तरी जाता-येता हात जोडले जातात.

म्हणजे सुपारी, माती, खडा, कोंब, बिनघडीचा दगड, कशातही आपण देव बोलावतो आणि भाव ठेवून बोलावलं की तो आला असं मानतो. रूप बदलतं, मोडतं, पाण्यात विरघळतं. ज्याला बोलावलं त्याला काही होत नाही. हेच मानून आपण दरवर्षी आपल्या हाताने गणपती पाण्यात सोडतो. मग घरातली मूर्ती निसटली तर एवढी भीती का?

विटेवरचं रूप काय सांगतं?

आता मावशींच्या घरी होता तो विठोबाच घेऊ. रूप नीट बघा. दोन्ही पाय सारखे जुळवून विटेवर उभा. हात कमरेवर. एका हातात शंख, दुसऱ्यात कमळाचा देठ. कानात माशांच्या आकाराची कुंडलं. ना तलवार, ना त्रिशूळ. मारायला उठलेला हा देव नाही, हा वाट बघत उभा असलेला देव आहे.

तो असा का उभा, याची कथा तुम्हाला माहीत आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. देव दारात आला. पुंडलिकाने हातातलं काम सोडलं नाही. एक वीट पुढे टाकली आणि म्हणाला, जरा थांब. आणि देव थांबला. त्याने शाप दिला नाही, तो परत गेला नाही. त्याच विटेवर उभा राहिला.

मैत्रिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हागणं-मुतणं आपण काढतो, सासूला भरवतो, सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळतो. त्यात पूजा राहून गेली तर मनाला खात राहतं. पंढरीचं रूपच सांगतं की तुझं ते काम होऊ दे, मी थांबतो. आणि तोंडावर थांब म्हटलेलं ज्याला चाललं, तो देव पुसताना हात निसटला म्हणून शेळी मारेल?

आणखी एक सांगते. पंढरपुरात देवाच्या पायावर डोकं ठेवता येतं. लाखो माणसं पायाला हात लावतात. हाताने, पाण्या-दुधाने दगड झिजतो. म्हणून त्या मूर्तीवर वज्रलेप करतात, म्हणजे झीज थांबावी म्हणून खास लेप देतात. खुद्द पंढरीची मूर्ती झिजते आणि माणसं तिची डागडुजी करतात. देव कोपला असं त्यावरून कुणी म्हणत नाही.

विटाळ कुणाचा?

आता त्या सुनेचं बघू. तिच्यावर ठपका आला तो पाळीमुळे.

चोखोबा संत, पण जातीमुळे त्यांना देवळाच्या आत जाता येत नव्हतं. आजही त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ बाहेर आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाई. शिवाशिवीची झळ रोज सोसणारी ही बाई. तिने आपल्या अभंगात विचारलं की ज्याला विटाळ म्हणता त्यातूनच प्रत्येकाचा देह घडला, मग या देहात सोवळा कोण उरला? हे एका बाईने काही शतकांपूर्वी विचारलं आहे. आपल्यातल्या किती जणी आज विचारतात?

पुढे १ मे १९४७ पासून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. हे मंदिर दलितांना खुलं व्हावं यासाठी. दहा दिवसांनी उपोषण सुटलं आणि दारं उघडली. चोखोबांपासून मोजलं तर सहाशे वर्षांच्या वर गेली. देव तर विटेवर उभाच होता. त्याच्यापर्यंत कुणी यायचं आणि कुणी नाही, हे माणसांनी ठरवलं होतं, आणि ते माणसांनीच बदललं. आपल्या घरातही असं कुंपण आहे का, हे ज्याचं त्याने बघावं.

मग भक्ती म्हणजे काय?

जनाबाई गंगाखेडच्या. लहानपणीच नामदेवांच्या घरी कामाला आल्या. दळण, कांडण, शेण, झाडलोट, दिवसभर काम. त्यांना देवळात तासन्‌तास बसायला कुठली सवड? त्यांनी देवाला जात्यापाशी बोलावलं. त्यांच्या अभंगांत विठोबा दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आजही जनाबाईंचं जातं म्हणून एक जातं दाखवतात. त्या देवाला विठाबाई म्हणतात, हाक मारतात, हक्काने भांडतात सुद्धा. पुरुष देव, पण वारकऱ्यांनी त्याला माउली केलं. कारण चूक झाल्यावर आपण आईकडेच जातो, आईपासून लपत नाही.

ही भक्ती. तिच्यात नातं आहे, सौदा नाही. तू मला पोरगं पास करून दे, मी तुला एवढं देईन, हा व्यवहार झाला. नवस बोलणाऱ्या बाईला मी हसत नाही. दवाखाने झाले, पैसे संपले, कुणी ऐकायला उरलं नाही की माणूस देवाशी बोलतं. पण नवस फेडायला कर्ज काढावं लागत असेल तर थांबून विचार करावा. गीतेच्या नवव्या अध्यायात देव स्वतः सांगतो की पान, फूल, फळ किंवा नुसतं पाणी, भक्तीने दिलेलं मी घेतो. यादीत पाच हजार कुठेच नाहीत.

भीती आणि भक्ती यांतला फरक ओळखायची एक सोपी खूण सांगते. देवाचं केल्यावर मन हलकं होतं का आणि घरातल्या माणसाशी आपण थोडं बरं वागतो का? तर ती भक्ती. मन धास्तावतं, खिसा रिकामा होतो आणि घरातल्या एकीला दोषी ठरवलं जातं? तर तिथे काहीतरी चुकतंय.

तुटलेल्या मूर्तीचं काय करावं?

आपली रीत यावर साधी आहे. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. तिला नमस्कार करून, हळदकुंकू वाहून निरोप देतात आणि दुसरी आणतात. पिंपळाखाली किंवा रस्त्याकडेला मूर्ती आणि फोटो टाकून देऊ नका, तिथे ऊन-पावसात त्यांचे हाल होतात. मातीची असेल तर बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घाला. दगडाची असेल तर शेतात किंवा परसात, पाय पडणार नाही अशा जागी खड्ड्यात ठेवून माती द्या. नवी मूर्ती मोठीच हवी असंही नाही. नवी येईपर्यंत सुपारी आहेच.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगते. गटाने त्यांना तोंडावर नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, मावशी, एकादशीपर्यंत थांबू, मग बघू. एकादशीला चौघी-पाच जणी त्यांच्या घरी जमल्या आणि भजन झालं. मावशी तुटकी रखुमाई मांडीवर घेऊन खूप रडल्या. रडणं मूर्तीसाठी कमी आणि मालकांसाठी जास्त होतं, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. दुसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाशेजारी खड्डा घेऊन त्यांनी ती जोडी मातीत ठेवली. खड्डा सुनेने खणला. भीती पूर्ण गेली का विचारलं तर म्हणाल्या, "थोडी आहे अजून. पण पोरीला बोलणं सोडलं मी." कर्ज त्यांनी घेतलं, पण दोन शेळ्यांसाठी. आणि या वेळी लस आधी टोचून घेतली.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा आणि एकमेकींना विचारा. आपण देवाचं म्हणून जे जे करतो, त्यातलं मायेपोटी किती आणि भीतीपोटी किती? उत्तर वहीत लिहायची गरज नाही. मनाशी खरं बोललात तरी पुष्कळ झालं.

येते मैत्रिणींनो. राम कृष्ण हरी.