मिश्र फुलांच्या सुती कापडांचा शर्ट

फुलांची छपाई असलेली दोन किंवा अधिक सुती कापडे एकत्र बेतून शिवलेल्या, समोर बटणे असलेल्या शर्टाला मिश्र फुलांच्या कापडांचा शर्ट म्हणता येईल. त्यात कॉलर, कफ, बाह्या, खांद्यावरील योक किंवा समोरचा एखादा भाग वेगळ्या छपाईचा असतो. शिल्लक तुकडे कामी येतात, हा त्याचा व्यावहारिक लाभ. मात्र हाती येईल तो तुकडा गोधडीप्रमाणे जोडून हा शर्ट साधत नाही.

पार्श्वभूमी

छापील फुलांच्या सुती कापडाला मराठीत 'चीट' म्हणतात. इंग्रजीतील 'चिंट्झ' हा शब्दही भारतीय भाषांतूनच तेथे गेला. कोरोमंडल किनारा व गुजरात येथील हे कापड सतराव्या शतकात युरोपात अतिशय लोकप्रिय झाले. तेथील लोकर व रेशीम व्यवसायाच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, तर इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालणेही दंडनीय ठरले. या बंदी अनुक्रमे १७५९ व १७७४ मध्ये उठल्या. लंडनमधील लिबर्टी (स्थापना १८७५) या दुकानाचे 'टाना लॉन' हे तलम फुलांचे कापड आज अशा शर्टांसाठी परिचित आहे. त्याचे नाव इथिओपियातील टाना सरोवरावरून पडले.

कापडाची निवड

चर्चा रंगसंगतीची होत असली, तरी निर्णायक ठरतात ते कापडाचे वजन आणि आटण्याचे प्रमाण. तलम लॉन व जाड पॉपलिन एकाच शिवणीत आल्यास धुतल्यावर एक भाग अधिक आटतो आणि शिवणीला पडलेल्या चुण्या इस्त्रीनेही जात नाहीत. म्हणून एकाच पोताची कापडे निवडून ती बेतण्यापूर्वी स्वतंत्रपणे धुतात. गडद कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग सुटतो का, तेही पाहतात. सर्व कापडांत एखादा रंग समान असावा, फुलांचे आकार मात्र भिन्न असावेत. सारख्या आकाराची फुले शेजारी आली, तर कापड कमी पडले म्हणून जोड दिल्यासारखे दिसते.

बेतणे व शिवणे

प्रत्येक भाग उभ्या धाग्याच्या दिशेने बेततात. सर्व फुलांचे देठ एकाच दिशेला असतील, तर भाग उलटसुलट मांडून कापड वाचवता येत नाही. एकाच छपाईच्या शर्टात बटणपट्टीवर फुले जुळवताना बरेच कापड वाया जाते. समोरचे दोन भाग वेगवेगळ्या छपाईचे असल्यास हा खटाटोप टळतो.

शिवणीसाठी साधारण १.५ सेंमी माया सोडतात. एका बाजूची माया निम्मी कापून दुसरी तिच्यावर दुमडतात व टीप मारतात, त्यामुळे कडा उसवत नाही. ही माया गडद कापडाकडे वळवणे इष्ट. फिकट तलम कापडाखाली गडद कड रेघेसारखी दिसते. कॉलरला बकरम लावतात आणि तिचा खालचा थर दोन-तीन मिलिमीटर लहान कापतात, म्हणजे शिवण आपोआप आत वळते.

कॉलरपट्टीवरील काज आडवे, बाकीची काजे उभी असतात. ती पुरुषांच्या शर्टात डाव्या, तर स्त्रियांच्या शर्टात उजव्या भागावर करण्याची रीत आहे. काज आधी बकरम लावलेल्या त्याच कापडाच्या तुकड्यावर करून पाहतात, कारण तलम कापडावरील चुकलेले काज उसवताना कापडच फाटण्याची शक्यता असते.