खोकला, मध आणि सातेरी माशी

आल्याचा रस आणि मध, अडुळसा आणि मध, सितोपलादीचं चाटण यांची महती मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. चरकाने मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुताने आठ, आणि मध तापवू नये हे दोघांनीही बजावलं. पुढच्या निघंटूंनी बहुतांशी त्यांचीच री ओढली, म्हणून थेट आपल्या काळात येतो.

मधाकडे आजीबाईचा बटवा म्हणून बघत नाक मुरडणाऱ्या डॉक्टरमंडळींशी माझा वाद जुना आहे. २००७ साली अमेरिकेत १०५ मुलांवर चाचणी झाली. झोपण्यापूर्वी मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला, काहीच न घेतलेल्या मुलांपेक्षा कमी झाला. इस्रायलमध्ये २०१२ साली ३०० मुलांवरही तसंच दिसलं. मधाने सर्दी बरी होते असं सांगणारे मात्र दुसऱ्या टोकाला जातात. सर्दी विषाणूची, ती तिच्या मुदतीनेच जाते. मध घशावर लेप धरतो, उबळ कमी करतो, झोप लागू देतो. तेवढंही पुष्कळ आहे.

या चाचण्यांतली एक गोष्ट दोन्ही बाजूंनी दुर्लक्षिली: मध कोणत्या फुलांचा, हे तिथे नोंदलेलं आहे. अमेरिकेत कुट्टूचा, इस्रायलमध्ये निलगिरीचा, लिंबूवर्गीय झाडांचा आणि तुळशीच्या कुळातल्या वनस्पतींचा. आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मी तो वर्षानुवर्षे विचारत आलो, आणि त्याचं उत्तर मला महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशीने दिलं.

आग्या माशी उघड्यावर, उंच फांदीला किंवा कड्याला पोळं लावते. सातेरी ढोलीतली, अंधारातली. म्हणून ती पेटीत नांदते. मधपाळ फ्रेम काढून मधयंत्रात फिरवतो. अंडी-पिल्लं सुखरूप राहतात, पोळं पुन्हा पेटीत जातं, म्हणून एकेका बहराचा मध वेगळा काढता येतो. जांभळाचा मध गडद, किंचित तुरट. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की तिचा दाट मध. जुने मधपाळ बोटावर थेंब घेऊन फूल ओळखत. त्यांच्या पडवीत बसून मी चव घ्यायला शिकलो. जांभळाचा मध मधुमेहींना खुशाल चालतो, हा प्रचार मात्र खोटा. साखर ती साखरच.

आणि आज? २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तपासलेल्या १३ ब्रँडांपैकी सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त ३. नेहमीच्या चाचण्यांना चकवतील असे साखरेचे पाक खास बनवले जातात. ते पाण्यात थेंब सोडून ओळखू येत नाहीत. उलट थंडीत कण धरलेला अस्सल मध लोक साखर समजून फेकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

परंपरेचा अभिमान असूनही एक सांगतो. नवजात बाळाच्या जिभेवर मध लावू नका, बाळगुटीतही घालू नका. मधात बोट्युलिझम ही विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि जिवावर बेततं.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. तिकडे गेलात तर मधपाळाच्या घरी जा, फूल कोणतं, मध कधी काढला, हे विचारून बाटली घ्या. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर मध बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.