बाहेर वाट नसलेलं स्टेशन

स्टेशनवर उतरलेल्या माणसाला बाहेर पडता येतं, हे आपण गृहीतच धरतो. जपानमधल्या योकोहामा शहरातल्या उमी-शिबाउरा या लहानशा स्टेशनवर मात्र तसं होत नाही. त्सुरुमीहून निघालेली लोकल पावणेपाच किलोमीटरवर इथे येऊन थांबते; पुढे रूळच नाहीत. एकच अरुंद फलाट. डब्यातून पाऊल बाहेर टाकलं की चार पावलांवर कठडा, आणि कठड्याखाली थेट केइहिन कालव्याचं खारं पाणी. फलाटाच्या टोकाशी फाटक आहे, पण ते तोशिबाच्या कारखान्याचं. कामगार ओळखपत्र दाखवून आत जातात. बाकीच्यांना तिथूनच परतावं लागतं. मग हे स्टेशन सगळ्यांचं म्हणायचं की एका कंपनीचं? माझ्या मते ते सगळ्यांचंच आहे, आणि ते तसं राहावं म्हणून मुद्दाम जागा करून दिली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा मार्ग मुळात माणसांसाठी नव्हताच. आसानो सोइचिरो या उद्योगपतीने इथल्या उथळ किनाऱ्यावर भराव घालून कारखान्यांसाठी जमीन तयार केली आणि १९२६ मध्ये तिच्यावर मालगाड्या धावू लागल्या. प्रवासी गाड्या आल्या १९३० मध्ये. स्टेशनांची नावं वाचली तरी हा इतिहास कळतो: आसानो हे त्यांचंच आडनाव, आनझेन हे यासुदा झेनजिरो या बँकरच्या नावावरून, तर ‘शिबाउरा’ हे तोशिबाच्या पूर्वीच्या कंपनीचं नाव. ‘उमी’ म्हणजे समुद्र. हे स्टेशन १९४० मध्ये सुरू झालं आणि १९४३ मध्ये सगळा मार्ग सरकारने घेतला.

कुणी विचारेल, एकाच कारखान्याच्या कामगारांसाठी लोकल कशाला चालवायची? दुपारी तर दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, सुट्टीच्या दिवशी गर्दी नसतेच. प्रश्न रास्त आहे. पण भरावाच्या या जमिनीवर कामाला येणाऱ्यांना रेल्वे नसती तर तीच माणसं बसने, मोटारीने मोजक्या पुलांवरून आली असती. शिवाय या मार्गावर खर्च हात आखडूनच होतो: १९७१ पासून मधल्या स्टेशनांवर कर्मचारीच नाहीत.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. समुद्र बघायला आलेल्या परक्या माणसाला इथे फलाटावर ताटकळण्यापलीकडे काय मिळणार? त्याचं उत्तर १९९५ मध्ये मिळालं. तोशिबाने आपल्याच जागेत, फलाटाला लागून, एक छोटी बाग करून दिली. ओळखपत्र नसलेला माणूसही तिथे बाकावर बसून पाणी आणि समोरचा त्सुरुमी त्सुबासा पूल पाहत पुढच्या गाडीची वाट बघू शकतो. आतल्या यंत्रांची सुरक्षा कंपनीला जपायचीच होती. ती जपूनही आलेल्याला बसायला सावली देता येते, हे तिने करून दाखवलं.

जागा कंपनीची आहे, तेव्हा बाग उद्या बंदही होऊ शकते, असं कुणी म्हटलं तर मला ते खोडता येणार नाही. मात्र फलाट रेल्वेचा आहे. तिकीट काढून त्यावर उतरण्याचा आणि परतीच्या गाडीपर्यंत कठड्याला टेकून उभं राहण्याचा हक्क ओळखपत्रावर अवलंबून नाही.