वाहनाचा ठावठिकाणा आणि उपग्रह

आकाशातून येणाऱ्या लहरींची ओळख जुन्नर तालुक्याला नवी नाही. आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र १९७०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. खोडद व परिसरात उभ्या असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या क्षीण लहरी टिपत असतात. पुणे-नाशिक महामार्गावरून धावणाऱ्या बसगाड्या आणि मालट्रकांत बसविलेले ओंजळीएवढे यंत्रही याच जातीचे काम करते. ते उपग्रहांचे संदेश ऐकते आणि त्यावरून आपण कोठे आहोत हे ठरविते.

काळावरून अंतर

उपग्रह वरून वाहनावर नजर ठेवतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः उपग्रहाला वाहनाची काहीच कल्पना नसते. अमेरिकेच्या जी.पी.एस. यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपले स्थान व अचूक वेळ अखंड प्रक्षेपित करीत असतात. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्याने हा संदेश सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास पृथ्वीवर पोहोचतो. त्याला लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर निघते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान कळते. वाहनातील साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी स्थानात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणूनच उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. भारताने २०१३ पासून 'नाविक' ही स्वतःची यंत्रणा उभारण्यास प्रारंभ केला. तिच्या आरंभीच्या काही उपग्रहांतील आयात केलेली घड्याळे बंद पडली. त्यानंतर २०२३ मध्ये सोडलेल्या 'एन.व्ही.एस.-०१' या उपग्रहात प्रथमच देशी बनावटीचे आण्विक घड्याळ बसविण्यात आले.

नियम आणि उपयोग

केंद्र शासनाने २०१६ च्या अधिसूचनेद्वारे प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र व संकटसूचक बटण बसविण्याची तरतूद केली. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ती लागू झाली. रिक्षांना यातून वगळण्यात आले. मालट्रकांचे अनेक मालक हे यंत्र स्वेच्छेने बसवितात. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो किंवा ओतूरचा कांदा घेऊन निघालेली गाडी कोठे खोळंबली, हे वेळीच समजले, तर नाशवंत माल उतरविण्याची व्यवस्था पुढे करता येते. बस किती उशिरा येणार, हे कळल्यास फाट्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाचाही वेळ वाचतो.

डोंगरातील अडचण

तथापि, स्थान कळणे आणि ते दुसऱ्याला कळविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले उपग्रहामुळे होते, दुसरे मोबाईलच्या मनोऱ्यामार्फत. माळशेज घाट किंवा भीमाशंकरच्या वाटेवरील खोऱ्यांत डोंगरांमुळे आकाशाचा काही भाग झाकला जातो आणि मोबाईलचा संपर्कही तुटतो. अशा वेळी यंत्र नोंदी साठवून ठेवते व संपर्क येताच पाठविते. मालाच्या हिशेबाला एवढे पुरते. परंतु संकटसूचक बटण दाबणाऱ्या प्रवाशाला अर्ध्या तासाने पोहोचणारा संदेश काय कामाचा?

या खोऱ्यांत एस.टी. ही केवळ प्रवासाची सोय नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम ध्यानात आले, ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाच्या. त्यानेच ही वार्ता बाहेर पोहोचविली. दुर्गम भागात वेळापत्रकाप्रमाणे जाणारी गाडी हीच गावाची खबर घेणारी असते, याची ही हृदयद्रावक साक्ष होय.

म्हणूनच पश्चिम पट्ट्यातील वाड्या-वस्त्यांपर्यंत मोबाईलचे मनोरे पोहोचणे, वाहनांतील यंत्रे चालू स्थितीत ठेवणे आणि नियंत्रण कक्षात संदेशाची तत्काळ दखल घेणारी माणसे असणे, या तिन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व आहे. वाहनमालकांनी यंत्र केवळ तपासणीपुरते न बसविता त्याची नियमित देखभाल करावी. प्रवाशांनीही गाडीत बसताना संकटसूचक बटण कोठे आहे, हे पाहून ठेवावे. उपग्रहाने सांगितलेला ठावठिकाणा मदतीला धावणाऱ्या माणसापर्यंत वेळेत पोहोचला, तरच या तंत्राचे सार्थक होईल.