अपेक्षा किती?

परवा माझी भाची माझ्यासमोर बसून मटार सोलत होती. मुलाच्या जन्मानंतर दोन वर्षे घरी राहून ती आता पुन्हा नोकरी शोधते आहे. तेवढ्यात फोन वाजला. एका कंपनीसाठी माणसे निवडणाऱ्या बाईंचा होता. शिक्षण झाले, अनुभव झाला आणि मग प्रश्न आला, "पगाराची अपेक्षा किती?" भाची घुटमळली. म्हणाली, "तुमच्या नियमाप्रमाणे बसेल ते द्या."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. हे वाक्य माझे होते!

आम्हा बँकवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून बँक कर्मचाऱ्यांचे पगार संघटना आणि व्यवस्थापन मिळून ठरवत आले. १९८१ साली मी कारकून म्हणून लागले, पुढे अधिकारी झाले. प्रत्येक वेळी वेतनश्रेणी आधीच छापलेली. शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला जे, तेच मला. आपली किंमत आपण सांगायची असते, हे शिकायची वेळच आली नाही.

ती आली २००१ मध्ये. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेले. "अपेक्षा किती?" लग्नाच्या जाहिरातीत 'अपेक्षा' असतात हे ठाऊक होते; पगाराच्या कशा सांगायच्या? पैशाचे आपण तोंडाने काढू नये, हा घरचा संस्कार. म्हटले, "योग्य वाटेल ते द्या." त्यांना योग्य वाटले वीस हजार. दोन वर्षांनी कळले, माझ्याबरोबरच लागलेल्या, तेच काम करणाऱ्या गृहस्थांना तीस हजारांवर घेतले होते. त्यांनी एवढेच केले होते, की आकडा सांगितला होता.

ग्राहकांना चक्रवाढ व्याज समजावण्यात माझी उमर गेली. दरसाल दहा टक्के वाढ धरली, तर दहा हजारांचा फरक पाच वर्षांत सोळा हजारांच्या वर जातो. ते गणित स्वतःसाठी मात्र मी कधी मांडले नव्हते.

म्हणून मटार बाजूला सारून आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. समजा, बारा लाखांचे 'सीटीसी' सांगितले. म्हणजे महिना एक लाख? छे! मूळ पगार सहा लाख धरा. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी बारा टक्के, म्हणजे बहात्तर हजार. ग्रॅच्युइटीचे सुमारे एकोणतीस हजार. कामगिरीवर अवलंबून असलेले एक लाख वीस हजार. हे सारे त्या बारा लाखांतच. शिवाय आपला निधी कापला जाणार. हातात उरतात महिना साधारण पंचाहत्तर हजार, आणि त्यातून व्यवसाय कर, लागू असल्यास आयकर निराळेच. तेव्हा आकडा सांगण्याआधी विचारावे, "यात काय काय धरले आहे?"

दुसरे, "या जागेसाठी तुमची तरतूद किती?" हे आपणही विचारावे. त्यात उद्धटपणा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २०१८ पासून मालकाने उमेदवाराला जुना पगार विचारण्यास कायद्याने बंदी आहे आणि उमेदवाराने रीतसर विचारल्यास त्या जागेची वेतनश्रेणी सांगावी लागते. आपल्याकडे जुना पगार सर्रास विचारतात. तो फुगवून सांगू नये, पगारपत्रक मागतातच. पण "मधली दोन वर्षे घरी होते, म्हणून कमी चालेल," हे वाक्य आपण होऊन का पुरवावे? पगार कामाचा असतो. त्याच क्षेत्रातल्या दोन-तीन मैत्रिणींना विचारून आकडा काढावा आणि ज्याखाली खरोखर जाणार नाही, तिथूनच सुरुवात करावी.

दुसऱ्या दिवशी भाचीने स्वतः फोन लावला. आकडा सांगितला. पलीकडे शांतता. तिने माझ्याकडे पाहिले. मी ओठांवर बोट ठेवले. या शांततेतच आपण घाबरून दोन लाख कमी करतो! शेवटी बाई म्हणाल्या, "विचारून कळवते."

अजून कळवलेले नाही. नोकरी मिळेल, न मिळेल. पण फोन ठेवून पुन्हा मटार सोलायला बसलेली भाची कालच्यापेक्षा जरा ताठ बसली होती.