टकरीचा आघात आणि थांबण्याचा काळ

मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगाव मागे पडले, की आटगावचा परिसर लागतो. रुंद रस्त्यावर मोटारी येथे सहज वेग घेतात. मागच्या आसनावर आई बसलेली असते आणि मूल तिच्या मांडीवर. ‘मी घट्ट धरले आहे’, असा तिचा विश्वास असतो. तो कितपत खरा आहे, हे शालेय भौतिकशास्त्रच सांगते.

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. टकरीत हा संवेग अल्पावधीत शून्य होतो. बल आणि ते जितका वेळ कार्य करते तो काळ यांच्या गुणाकारास आवेग म्हणतात. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार तो संवेगातील बदलाएवढा असतो. म्हणून संवेगातील बदलाला थांबण्याच्या काळाने भागले, की सरासरी बल मिळते.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. ६० किलो वजनाच्या प्रवाशाचा संवेग १,२०० एकक होतो. पट्टा बांधलेला प्रवासी मोटारीच्या चेपणाऱ्या पुढील भागाबरोबर साधारण ०.१ सेकंदात थांबला, तर त्याच्यावरील बल १२,००० न्यूटन, म्हणजे सुमारे सव्वा टन वजनाएवढे असते. पट्टा नसल्यास तो त्याच वेगाने पुढे जाऊन आदळतो. तेथे तो ०.०१ सेकंदात थांबला, तर बल दहापट, म्हणजे सुमारे १२ टन होते. भाताच्या पेंढ्यावर पडणे आणि कातळावर पडणे, यांत हाच फरक आहे.

आता मांडीवरच्या मुलाचा हिशेब पाहू. वजन १० किलो धरले, तरी ०.१ सेकंदात त्याला थांबविण्यास २,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो वजन पेलण्याएवढे बल लागेल. हे कोणत्याही आईच्या हातांना शक्य नाही. तिनेही पट्टा बांधला नसेल, तर तिचाच भार मुलावर येईल.

मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ नुसार चौदा वर्षांखालील मुलांनाही सुरक्षापट्टा वा बालआसन आवश्यक आहे. उल्लंघनास एक हजार रुपये दंड आहे. तथापि दंडापेक्षा हे गणित अधिक बोलके आहे. टक्कर झाली, की संवेग शून्य होणारच. थांबण्याचा काळ वाढविणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते प्रवास सुरू होण्यापूर्वीच करावे लागते.