यकृत बिघडले की डोके का भ्रमते?

बोकड कापला की तांबूस, मऊ काळीज निघते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माणसालाही तसेच काळीज असते. उजव्या बरगड्यांखाली असते, वजन साधारण दीड किलो. बोलताना आपण काळीज म्हणून छातीवर हात ठेवतो. पण तिथे असते ते हृदय. काळजाला डॉक्टर यकृत म्हणतात. आम्हीही इथे यकृतच म्हणू.

आता म्हशाच्या आसपास कोणत्याही वाडीत घडेल असा प्रकार घ्या. घरचा कर्ता माणूस. बरीच वर्षे दारू प्यायलेला, किंवा जुनी कावीळ अंगात मुरलेला. पोटात पाणी झालेले. एकदा तो दिवसा झोपतो नि रात्रभर जागतो. उगाच खेकसतो. बैल सोडायला गोठ्यात जातो आणि कशाला आलो तेच विसरतो. मग बरळू लागतो. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली, चला भगताकडे. नारळ, कोंबडा, अंगारा यात दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी हाका मारल्या तरी माणूस उठत नाही.

ही बाधा नव्हे. आपल्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. अन्नातल्या प्रथिनांपासून ते अमोनिया तयार करतात. गोठ्यात मुताचा उग्र वास नाकात जातो ना, तो याच वायूचा. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते. यकृत त्या अमोनियाचा युरिया बनवते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. भाताला टाकतो तो युरिया आणि हा, पदार्थ एकच.

यकृत थकले की अमोनिया रक्तात साठतो व मेंदूत शिरतो. मेंदूतल्या काही पेशी त्याचे ग्लुटामिन नावाचे द्रव्य बनवतात. ते साठले की पेशी पाणी ओढून घेतात आणि भिजत घातलेल्या वालासारख्या फुगतात. मेंदूत निरोप पोचवणारी जी रसायने असतात, त्यांचाही तोल जातो. म्हणून शहाणा माणूस वेड्यासारखा वागतो. 1893 साली रशियात पावलोव्ह व त्याच्या सोबत्यांनी कुत्र्यांच्या आतड्यातले रक्त यकृताला वळसा घालून नेले. ती कुत्री मांस खाल्ले की झोकांड्या खात, चवताळत, बेशुद्ध पडत. कुत्र्यांना कुठली बाधा होणार?

खूण कशी ओळखावी? रोग्याला हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगा. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. दुसरी खूण आम्हाला मास्तर म्हणून फार पटते, ती अक्षराची. रोज सरळ सही करणाऱ्याची सही वाकडी होते. डॉक्टरसुद्धा कागदावर विखुरलेले 1 ते 25 आकडे क्रमाने जोडायला देतात आणि किती वेळ लागला ते मोजतात. घरात कोणी यकृताचा रोगी असेल तर त्याच्याकडून रोज एक ओळ लिहून घ्या. लिहिता येण्याचा हाही एक उपयोग.

बद्धकोष्ठ, ताप, रक्ताची उलटी, काळी शौचास, झोपेच्या गोळ्या, यांनी हा त्रास अचानक उसळतो. लॅक्ट्युलोज नावाचे गोड पातळ औषध देतात. त्याने दिवसातून दोन-तीनदा शौचास होते आणि अमोनिया बाहेर जातो. जुलाब लागले म्हणून घरचे ते बंद करतात आणि माणूस पुन्हा बरळू लागतो. औषध परस्पर बंद करू नये. फारच पातळ होत असेल तर डॉक्टरला विचारून कमी करावे. पूर्वी अशा रोग्याची डाळ व दूध तोडत. आता तोडत नाहीत. उपासाने अंगाचे मांस झडते, आणि थोडा अमोनिया निकालात काढण्याचे काम मांसही करते. निजण्यापूर्वीही त्याला काहीतरी खाऊ घालावे. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळदा माणूस शुद्धीवर येतो, घरच्यांना ओळखतो.

दारूखेरीज दुसरे कारण काविळीचे. घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची बरी होते, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. 2012 साली इचलकरंजीत अशा काविळीची मोठी साथ आली होती. ताजी कावीळ आणि त्यात बरळणे सुरू झाले, तर माळ घालत, डाग देत बसू नका. त्याच दिवशी मुरबाडला सरकारी दवाखान्यात न्या, आणि तिथून ठाण्या-मुंबईला पाठवले तर तसेच पुढे जा. ब आणि क जातीची कावीळ रक्तातून पसरते व वर्षानुवर्षे गुपचूप यकृत खाते. ब काविळीची लस बाळाला जन्मताच, पहिल्या 24 तासांत, सरकारी दवाखान्यात फुकट टोचतात. या दोन्ही काविळींची तपासणी व औषधे 2018 पासून सरकारी योजनेत विनामूल्य आहेत.